रेघ न मारलेली पानं

मार्चचा दुसरा आठवडा लागला की उगीच छातीत धडधडतं. परीक्षा माझी नसली तरी. परवा इथे हैदराबादला आमच्या वसतिगृहासमोर इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची, मुलं पॅड छातीशी धरून बसची वाट बघत उभी होती. एकजण डोळे मिटून ओठ हलवत होता. दुसरा त्याच्या खांद्यावरून त्याच्याच वहीत बघत होता, आणि बघता बघता त्यानं त्या वहीत पेनानं काहीतरी दुरुस्त केलं. ज्याची वही त्याला पत्ताही नव्हता. मी तिथंच थांबलो. माझी बस गेली.

आमचीही अशीच एक वही होती. तिच्याबद्दल लिहावं की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. लिहिता लिहिता ठरेल, असं वाटतं.

नव्वदीची सुरुवात. आम्ही सहाजण आदिलाबादला जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होतो. सगळे तलमडुगुकडच्या खेड्यांतले, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. कॉलेजात आलो तर सर तेलुगूत समजावायचे, फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि आमच्या डोक्यात तोवर पोचायचंच नाही काही. भिंगाला ते कटकम म्हणायचे. आमच्यातला गजानन पहिल्या दिवशी खोलीवर येऊन म्हणाला, "कटकम काय, कटकट हाय निस्ती." हसलो सगळे. पण पहिल्या चाचणीत सहाच्या सहा नापास झालो, तेव्हा कोणी हसलं नाही.

वहीची कल्पना विलासची. त्यानं दोनशे पानी दोन वह्या सुतळीनं एकत्र शिवल्या. डावीकडं सरांनी फळ्यावर लिहिलेलं इंग्रजी, उजवीकडं आपल्या भाषेत त्याचा अर्थ, आणि समासात सर तोंडानं बोलतात ते तेलुगू शब्द, आपल्या लिपीत. जो तास ज्याला समजला त्यानं तो लिहायचा. दुसऱ्याला त्यात चूक दिसली तर त्यानं ती दुरुस्त करायची. विचारायचं नाही, परवानगी घ्यायची नाही. फक्त खोडताना गिरवून काळं करायचं नाही, एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येईल आणि कोण बरोबर होतं ते नंतर बघता येईल.

"अन् भांडनं झाले तं?" गजानननं विचारलं होतं.

"होऊ दे ना. वहीतच भांडा. खोलीत नको."

आणि खरंच वहीत भांडणं व्हायची. एका पानावर गुरुत्वाकर्षणाचा अर्थ चार जणांनी चार वेळा खोडून लिहिलेला होता आणि शेवटी खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आता पुरे, जेवायला चला.' आमच्या खोलीत हिवाळाभर मिलमधला कापूस तरंगत यायचा. भाकरीवर बसायचा, ओल्या शाईवर बसायचा. त्यामुळं कोणतं पान कधी लिहिलं ते आम्हाला तारीख न बघता कळायचं. ज्या अक्षरांना बारीक लव आली आहे ती डिसेंबर-जानेवारीतली. मोहाची फुलं गळण्याच्या दिवसांतली पानं स्वच्छ, पण घामानं कडेला फुगलेली.

मी त्या वहीत फार कमी लिहिलं. खरं सांगायचं तर समास आखायचे आणि सुटलेली पानं शिवायची, हेच माझं काम. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी लिहिलेलं कुणी बरोबर समजून पाठ करेल, या विचारानंच माझा हात आखडायचा. विलास चिडायचा.

"नाम्या, तू निस्ता वाचनार हाय काय रे? लिव्ह ना काई."

"चुकलं म्हंजे?"

"चुकू दे. कोनी तरी दुरुस्त करन. तेच्यासाठीच तं हाय ते."

त्याच्या आवाजात तेव्हा जो हक्क होता तो मला कधी जमला नाही. विलासचे वडील आमच्याच गावच्या शाळेत शिपाई. घर गावाच्या खालच्या अंगाला, विहाराजवळ. आमच्या घरचं कोणी त्यांच्याकडं चहाला जात नसे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसं होतं. वही मात्र जायची. दर शनिवारी विलास ती युरियाच्या पोत्याच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी न्यायचा. तो जाणार नसला तर बसच्या कंडक्टरकडं द्यायचा आणि गावच्या फाट्यावर त्याची बहीण शीला येऊन ती घ्यायची.

शीला तेव्हा नववीत होती. इंटरचं तिला काय कळणार, असं आम्हाला वाटायचं. पण सोमवारी वही परत आली की पानापानांवर हिरव्या शाईनं प्रश्नचिन्हं असायची. जिथं आम्ही घाईत दोन पायऱ्या गाळल्या तिथं बरोबर एक हिरवं प्रश्नचिन्ह. कधी त्याच्या शेजारी, 'हे कसं आलं?' गजानन कपाळाला हात लावायचा. "ही पोरगी आपल्याले पास करून सोडते आता." आणि मग आम्ही त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर शोधायला बसायचो, कारण सापडलं नाही तर पुढच्या सोमवारी तिथंच दुसरं प्रश्नचिन्ह आलेलं असायचं. वही चांगली झाली ती तिच्यामुळं. पास झालो तेही. हे आम्ही तिला कधी सांगितलं नाही.

प्रकाशाचा अख्खा धडा विलासचा होता. भिंगं, आरसे, प्रतिमा कुठं पडते. अठरा पानं, एकहाती. त्यानं खऱ्या भिंगानं खोलीच्या भिंतीवर मिलच्या धुराड्याची उलटी प्रतिमा पाडून दाखवली होती आम्हाला. नंतर ती आकृती इतकी नीट काढली की धुराड्याच्या विटासुद्धा मोजून घ्याव्यात.

इंटरच्या दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत विलासला ताप आला. घरची सगळी नागपूरला जायची होती, ती थांबली. सगळ्यांना वाटलं, पाऊस नुकताच गेला आहे, या दिवसांत घरोघरी कोणी ना कोणी तापानं पडलेलंच असतं. चौथ्या दिवशी तो माणसं ओळखेनासा झाला. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणलं. तिथं बसची वाट बघत असतानाच तो गेला. मलेरिया डोक्यात चढला होता, असं नंतर कळलं.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेलो. वही द्यायला. त्याची आई वही उघडून नुसतं अक्षरांवरून बोट फिरवत होती. तिला वाचता येत नव्हतं. "हे त्यानंच लिव्हलं ना?" दर पानाला विचारायची. काही पानं गजाननची होती, काही इतरांची. मी सगळ्याला हो म्हणालो. शीलानं माझ्याकडं बघितलं. मग तिनं चहा आणला आणि मी तो प्यालो. महिन्याभरानं तिच्या वडिलांनी वही परत आणून दिली. म्हणाले, "तुमच्या परीक्षा हाय. तुमच्या कामाची हाय ते. जपजा मात्र."

आम्ही जपली. फारच जपली. गजानननं तिला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. विलासच्या पानांवर आता कोणी लिहीत नव्हतं. आधी कोणी ठरवलं नव्हतं तसं, पण पेन तिथं पोचलं की आपोआप थांबायचं. एकदा माझ्या हातून त्या पानावर पाण्याचा थेंब पडला, तर दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. आम्ही परीक्षा दिल्या, पास झालो. मागून आलेल्या मुलांना वही वाचायला द्यायचो तेव्हा सांगायचो, इथून इथपर्यंत विलासचं आहे, हात लावायचा नाही. ती मुलं बिचारी वाकून, शाई सांडू नये म्हणून पेन्सिलनं, त्यातलं उतरवून घ्यायची. कोणी प्रश्नचिन्ह काढलं नाही. कोणाला काही चुकीचं दिसलंही असेल, पण मेलेल्या मुलाच्या अक्षराला चूक कोण म्हणणार?

मी पुढं आदिलाबादलाच डिग्रीला राहिलो. वडील विचारायचे, "अजून कितीक वर्ग रायले तुह्ये?" त्यांना मी दरवर्षी 'दोन' सांगायचो. वही माझ्याकडं होती. आणि डिग्रीच्या पहिल्याच वर्षी इंटरचं भौतिकशास्त्राचं पुस्तक बदललं.

गजानन एका ज्युनियरचं नवं पुस्तक घेऊन आला होता. भिंगाच्या धड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे पाय रे. हे उलटं करून टाकलं यायनं."

उलटं म्हणजे असं. जुन्या रीतीत सगळी अंतरं साधी धरायची आणि सूत्रात बेरीज असायची. नव्या रीतीत वस्तूचं अंतर उणे धरायचं आणि सूत्रात वजाबाकी. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. विलास चुकला नव्हता. तो जिवंत होता तोवर त्याचं बरोबरच होतं. पण कोणी सूत्र जुनं घेतलं आणि चिन्हं नवी घेतली, तर उत्तर पार कुठल्या कुठं जातं. आणि आमच्यासारखी मुलं नेमकं तेच करणार होती. चिन्हं वर्गात सर सांगतील ती, आणि सूत्र मराठीतून पाठ केलेलं, वहीतलं.

"एक रेघ मार," गजानन म्हणाला. "अन् बाजूले नवीन लिव्ह."

"त्याच्या अक्षरावर?"

"मंग कोनाच्या? तोच सांगून गेला ना, खोडा म्हून."

"तू मार मंग."

गजानननं पेन घेतलं. टोपण काढलं. त्या धुराड्याच्या आकृतीकडं बघत राहिला आणि टोपण परत लावलं. "नाई बा. माह्यानं नाई होत."

मी वही मिटली. मनाशी म्हणालो, वर्गात सांगतीलच की. नव्या पुस्तकात छापलंच आहे. एवढं काय.

त्याच जूनमध्ये शीलानं कॉलेजात नाव घातलं. रोज बसनं यायची, बस चुकली की तास बुडायचा. तिला नर्सच्या ट्रेनिंगला जायचं होतं आणि त्यासाठी इंटर पास व्हायला हवं होतं. विलास गेल्यापासून तिचं हे एकच चाललं होतं. फाट्यावर मला भेटली तेव्हा म्हणाली, "ताप आलेल्या मानसाले कव्हा गाडीत घालाव, एवढं तरी घरातल्या एकाले कळाले पायजे ना, भाऊ. आमी चार दिवस कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो." मग म्हणाली, "दादाची वही देसान का मले?"

मी दिली. तशीच. देताना त्या धड्याबद्दल एक वाक्य सांगता आलं असतं. वहीत लिहायला हात आखडत होता, हे मी समजू शकतो. तोंडानं सांगायला काय झालं होतं, ते मला आजही नीट कळलेलं नाही. बहुतेक मला वाटलं, ही त्याची बहीण आहे, हिच्यासमोर त्याचं काही जुनं झालं असं कसं म्हणायचं. तिनं ती कॅलेंडरच्या कव्हरची वही दोन्ही हातांनी घेतली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीनं पुसली.

दोन वर्षांनी, अशाच एका मार्चमध्ये, भौतिकशास्त्राचा पेपर देऊन ती बसस्टँडवर भेटली. खुशीत होती. प्रश्नपत्रिकेवर उत्तरं लिहून आणली होती, ताळा करायला. मी वरून खाली बघत आलो. भिंगाचं गणित होतं. भिंगाचं नाभीय अंतर वीस, वस्तू तीसवर, प्रतिमा कुठं पडेल? उत्तर साठ. तिनं शेजारी हिरव्या शाईनं लिहिलं होतं, बारा.

"बरोबर हाय ना, भाऊ?"

मी म्हणालो, "हो, हो. छान गेला की पेपर."

ती त्या एका विषयात चार गुणांनी राहिली. बाकी सगळ्यांत पास. ऑक्टोबरला परत बसता आलं असतं. पण त्याच सुमारास बेल्लमपल्लीला तिची मावशी अंथरुणाला खिळली आणि घर बघायला शीलाला तिकडं पाठवलं. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. पुढच्या वर्षीही राहिला. मग तिकडंच खाणीत काम करणाऱ्या एका मुलाशी तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती, मी गेलो नाही. जाताना ती वही मात्र गजाननकडं ठेवून गेली, 'भाऊला द्या, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल' म्हणून. म्हणजे ती परत माझ्याकडं आली, आणि ट्रंकेत तळाशी गेली.

गेल्या वर्षी इथे विद्यापीठात, जिथं मी उशिरानं संशोधनाला आलोय, आम्हाला कॉम्प्युटरची तोंडओळख करून देणारा एक वर्ग होता. शिकवणारा माझ्यापेक्षाही लहान, इथलाच, हैदराबादी हिंदी बोलणारा. त्यानं एक दिवस पडद्यावर एक पान उघडलं. साधंच होतं, नुसता मजकूर. म्हणाला, हे पान जगातल्या कोणीही उघडावं आणि कोणीही बदलावं. खाली एक ओळ होती, तिच्यावर बाण नेऊन दाबलं की सगळा मजकूर लिहिण्यासाठी मोकळा व्हायचा. वर्गातल्या मुलांना ते खरं वाटेना. एकानं विचारलं, कोणी वाट्टेल ते लिहिलं तर? तो म्हणाला, लिहितात की. मग दुसरा येऊन नीट करतो.

मी सहसा वर्गात बोलत नाही. त्या दिवशी कसा कोण जाणे उठलो. म्हटलं, सर, ज्यानं लिहिलंय तो मरून गेला असेल तर?

मुलं हसली. तोही हसला. "अरे भाई, पन्ने को क्या मालूम कौन मर गया? ग़लत है तो बदल दो."

पुढं तो दुसऱ्या कशावर तरी बोलत राहिला. मी पडद्याकडं बघत होतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी एकमेकांची वाक्यं बदललेली, कोणी कोणाला ओळखत नाही, कोणाच्या घरी चहा प्यावा की पिऊ नये हा प्रश्न नाही. सोपं असेल त्यांचं, असं वाटलं. अक्षर कुणाचंच नव्हतं, सगळीकडं एकच छापील अक्षर. ज्या अक्षरात धुराड्याच्या विटा मोजता येतात त्याच्यावर रेघ मारून बघा म्हणावं. पण मग हेही वाटलं, की आमच्या वहीचा नियम तर हाच होता. अगदी शब्दशः हाच. आणि तो आम्ही मोडला प्रेमानं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना मी बेल्लमपल्लीला उतरलो. ट्रंकेतली वही सोबत घेतली होती.

खाण कामगारांची एकसारखी क्वार्टर्स, दारोदार वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची बारीक पूड. शीलाचं घर ओळखलं मी मशीनच्या आवाजावरून. शेजारच्या बाईनं सांगितलं होतं, जिथं शिलाई चाललीय ते घर. नवरा ड्यूटीवर होता. मी दारात पोचेपर्यंत ती मशीनवरून उठून जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ब्लाऊजची मापं आखायला लागली होती. मला बघून तिनं खडू ठेवला.

"अगो माय! नामदेवभाऊ! रस्ता चुकले का?"

"नाई, मुद्दाम आलो."

"मंग दारातच काऊन उभे राह्यले? बसा ना."

पाणी प्यालो. मग सांगितलं. पुस्तक बदललं होतं ते, गजानननं दाखवलं ते, मी वही तशीच दिली ते. बसस्टँडवर बारा बघून छान म्हणालो, तेही. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हतो, वहीच्या कव्हरवरच्या जुन्या वारांकडं बघत होतो.

तिनं बोटांवरचा खडू झटकला. मग म्हणाली, "सरांनी वर्गात सांगतलं होतं. सूत्रात वजाबाकी हाय म्हून. मी आयकलं होतं."

"मंग?"

"मंग काय? दादानं बेरीज लिव्हली होती. सरांचं म्या चिन्हापुरतं घेतलं. वाटलं, दोघायचं बी मन राहीन."

मी वही उघडली, ते पान काढलं. म्हटलं, आता तरी मारू का रेघ? तूच मार, हवं तर.

"आता कायले?" ती म्हणाली. "आता कोन वाचते ते?"

तिनं पान नीट बघितलं मात्र. धुराडं बघून हसली. मग एकदम म्हणाली, "ते गनित खरं कसं करत असते? दाखवा ना मले."

मी खाली बसलो. तिनं मापं आखलेल्या वर्तमानपत्राच्या मोकळ्या कडेला मी खडूनं भिंग काढलं, वस्तू काढली. वजाबाकीचं सूत्र लिहिलं, तीसच्या आधी उणे घातलं. पुढच्या ओळीवर यायच्या आधीच तिनं माझ्या हातातून खडू घेतला. दोन उणे जवळ आले, तिनं त्यांचा अधिक केला, बाजू बदलल्या, साठचा छेद घेतला. तीन ओळी. साठ.

खडू हातात धरून ती त्या आकड्याकडं बघत राहिली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला. ती दचकून उठली, म्हणाली संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे, कापायचं राहिलं. तिनं तो कागद निळ्या कापडावर ठेवला, टाचण्या लावल्या आणि कात्री घेतली. गणिताच्या ओळी कडेवरून सरकत बाहीच्या मापावर आल्या होत्या. तिनं आखलेल्या रेषेवरून, हात न थांबवता, सरळ कापलं.